पांढरा केस दिसला की वाकायचं

मी शिकवायची त्या सिल्वासाच्या शाळेत भूगोलाचे एक सर होते. कुणी प्रवासाला निघालंय असा नुसता सुगावा लागला की स्वारी त्या घरी हजर. बोलावणं नाही, निरोप नाही. दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न, "सामान किती डाग?" तुम्ही काहीही उत्तर द्या, सर म्हणणार, "त्यातला एक कमी करा."

आणि हा माणूस स्वतः कुठं गेला होता म्हणाल, तर कुठंही नाही. इकडे वलसाड, तिकडे बोरिवली, संपला त्यांचा भारत. पण रामेश्वरला ओल्या कपड्यांनी किती वेळ चालावं लागतं, हरिद्वारच्या पंड्याला आडनाव आधी सांगायचं की गाव, सगळं खडान् खडा माहीत. दर रविवारी सकाळच्या बसने ते वापीला जायचे, प्लॅटफॉर्मचं तिकीट काढायचे आणि लांबच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाला गाठायचे. बिचारा वळकटी सांभाळत असायचा. सर विचारायचे, "कुठून आलात? काय चुकलं?" माणसं आधी दचकायची. मग अशी काही बोलायला लागायची की सरांची परतीची बस चुकायची.

काय छान होतं, हे त्यांनी कुणाला कधी विचारलं नाही. "मजा सगळ्यांची सारखीच असते हो बाई," मला म्हणायचे. "चूक ज्याची त्याची वेगळी असते." त्यांच्या सल्ल्याची फी एकच होती. परत आल्यावर त्यांच्यासमोर तासभर बसायचं आणि त्यांचा सल्ला कुठं फसला ते सांगायचं. ते खाली मान घालून वहीत लिहून घ्यायचे. आपली चूक इतक्या आवडीने ऐकणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही.

एकदा तर फजितीच झाली. सरकारी नोकरांना सुट्टीच्या प्रवासाची सवलत मिळायची, त्यामुळे मे महिना आला की सगळी कचेरी आणि सगळी शाळा कन्याकुमारीकडे धावायची. सरांनी एकाला सांगितलं, सामान ओळखू यावं म्हणून प्रत्येक डागाला लाल चिंधी बांधा. मग दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्यालाही. सिल्वासाची तीन कुटुंबं एकाच गाडीत, सगळ्या ट्रंकांना लाल चिंध्या! मदुरेला आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी ट्रंक उघडली तर आत गणिताच्या बाईंचे परकर. साहेब परत आले ते थेट सरांच्या घरी, तोंड लालबुंद. सरांनी शांतपणे वही उघडली. "लाल रंग, चूक," असं लिहिलं आणि विचार करून म्हणाले, "आपापल्या बायकोच्या जुन्या साडीची किनार बांधावी. कितीही गर्दी असो, बाई आपली साडी ओळखते." पुढं सिल्वासाहून निघालेल्या डागांवर लुगड्यांच्या किनारी दिसायला लागल्या. खोटं वाटेल, पण सामान हरवायचं थांबलं.

मी त्यांना चक्रम म्हणायची. तोंडावर नाही, पण शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर. मग एका संध्याकाळी पेपरांचा गठ्ठा द्यायला त्यांच्या घरी गेले. किलवणी नाक्यापाशी दोन खोल्या होत्या त्यांच्या. खिडकीतून आवाज आला, "आता मदुरा आलं. तू उतरू नकोस. गाडी दहा मिनिटं थांबते, मी इडली घेऊन येतो." आत डोकावले. सरांच्या पत्नी पलंगावर पडून होत्या. कंबरेखालचं अंग गेलेलं, नऊ वर्षं. सर आत गेले आणि खरंच ताटलीत दोन इडल्या घेऊन आले. ती बाई उशीवर मान वळवून हसत होती. हेडक्लार्कसाहेबांचा सगळा प्रवास सर तिला घडवत होते, आणि परकरांची गोष्ट आली तेव्हा ती इतकी हसली की सरांना तिची पाठ चोळावी लागली. मी गठ्ठा घेऊन तशीच मागं फिरले. घरी येईपर्यंत रडत होते. त्या दिवसापासून चक्रम हा शब्द मी पुन्हा तोंडातून काढला नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण सर खरे कळले ते तिथंच.

माझा थोरला भाऊ कॅनडात होता. तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, रत्नागिरीकडे मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. लग्नाचं पत्र वाचून त्यांनी ते घडी घालून ठेवलं आणि त्यानंतर दादाचं एकही पत्र उघडलं नाही. अकरा वर्षं! आई गेली तेव्हाही तार मीच केली. निवृत्तीनंतर अण्णा माझ्याकडे सिल्वासाला राहायला आले, मग दादा मला शाळेच्या पत्त्यावर लिहायचा. अण्णांना ते माहीत होतं. मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. अशी आमच्या घरची तऱ्हा.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास दादाचं पत्र आलं. मुलं मोठी झालीत, नील नऊ वर्षांचा, माया सातची. पहिल्यांदाच आम्ही चौघं येतोय. मुलांना मराठी जेमतेम कळतं, आपल्याकडचं काही म्हणजे काही माहीत नाही. काय आणू, काय शिकवू, कसं वागायला सांगू? शेवटी एक ओळ होती, "अण्णा भेटले नाहीत तर मुलांना पुन्हा आणायचं धाडस मला होणार नाही."

मी अण्णांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. "घर तुझं आहे," म्हणाले. "कुणाला बोलवायचं ते तू ठरव. मी माझ्या खोलीत असेन."

पत्र घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि मग प्रश्नांचा असा भडिमार केला की विचारू नका. मुलं मांडी घालून बसतात का? बादलीतलं पाणी तांब्यानं अंगावर घेता येतं का? शिवाशिवी खेळतात का? घाबरल्यावर आईकडे धावतात की बापाकडे? "आणि बाई, रडतात कुठल्या भाषेत?"

"मला काय माहीत हो सर!"

"विचारून कळवा. ते फार महत्त्वाचं आहे."

चार दिवस खपून त्यांनी फुलस्केपचे सात कागद लिहिले. पाणी उकळून आणि सुया डॉक्टर सांगेल त्या, हे एका ओळीत उरकलेलं. बाकी सगळं वेगळंच. पहिल्या खेपेला मुलांना देश दाखवू नका, घर दाखवा. ताजमहाल पळून जात नाही. महिनाभर आधीपासून बादलीनं आंघोळ घाला. कुणी काही दिलं तर उजव्या हातानं घ्यायचं. ताटात पहिल्यांदा वाढतील ते खायचं, दुसऱ्यांदा नको म्हणता येतं. नाक मुरडायचं नाही, कारण तोंडाची भाषा सगळ्यांना कळते. फोटो विचारून काढायचा, आणि पाठवतो म्हटलं तर पाठवायचा. सूनबाईंना पहिल्या दिवशी साडी नेसवू नका, लोक साडी बघत बसतील आणि त्यांना बघायचं राहून जाईल. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ ओढून: डोक्यावर पांढरा केस दिसला की वाकायचं. कोण, कुठले, विचारत बसायचं नाही.

कागद पोस्टात पडल्यावर सर आमच्या घरी आले आणि सरळ अण्णांच्या खोलीत घुसले. "अण्णा, तुमच्यासाठीही चार सूचना आणल्यात."

"मी कुठं प्रवासाला निघालोय?"

"वा! पोरं दोन विमानं बदलून येतील आणि पोचतील. तुम्हाला अकरा वर्षं चालून यायचंय."

अण्णांनी त्यांना खोलीबाहेर काढलं. शब्दशः काढलं, दंडाला धरून. सर ओट्यावर चपला घालत मला म्हणाले, "हात गरम लागला त्यांचा. माणूस येईल बाई." मी म्हटलं, तुम्हाला एक वेडं आशावादी डोकं दिलंय देवानं.

पण दादा यायच्या दिवशी सकाळी काय पाहिलं मी! अण्णांनी पहाटे आंघोळ केली. ट्रंकेतला कचेरीचा काळा कोट काढला, वर्षानुवर्षं न घातलेला. पुढच्या खोलीतल्या खुर्चीत येऊन बसले आणि पेपर उघडला, तोही आदल्या दिवशीचा. मी स्वयंपाकघरात वळले. काही बोलले असते तर ते उठून खोलीत गेले असते.

सर जीप घेऊन वापीला गेले होते. मी आत भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेत होते, पोरांवरून ओवाळून टाकायला. बाहेर ओट्यावर देवलीमावशी भांडी घासत होत्या. वारली आदिवासी बाई, सामरवरणी गावाहून रोज चालत यायच्या, पाच वर्षं आमच्याकडे कामाला. हॉर्न वाजला. मी धावले, पण माझ्या आधी मावशी उठल्या, एका हातात घासायचा डबा तसाच, दुसरा पदराला पुसला आणि फाटकाची कडी काढली. अण्णा खुर्चीतून उठून उंबऱ्याच्या आत उभे राहिले होते. तेवढं मी पाहिलं.

पोरं जीपमधून उतरली. दमलेली, केस विस्कटलेले. फाटकात समोर कोण, तर देवलीमावशी. डोकं पांढरंशुभ्र. नीलनं मायाकडे पाहिलं, मायानं नीलकडे, आणि दोघंही एकदम वाकली. नुसती वाकली नाहीत, मावशींच्या ओल्या, राखेनं माखलेल्या पायांवर कपाळ टेकलं.

"अगं बाय! काय करतात ही पोरं!" मावशी किंचाळल्याच. हातातला पितळी डबा खाली पडून गडगडत गेला. त्या मागं सरकल्या, माझ्याकडे पाहिलं, आत अण्णांकडे पाहिलं. मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, पुढं आल्या आणि दोन्ही हात पोरांच्या डोक्यावर ठेवले. "मोठे व्हा रं बापा. लय मोठे व्हा."

मी वळून पाहिलं. अण्णांचा चेहरा कुणी भर सभेत थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. नातवंडांचा पहिला नमस्कार आपला, म्हणून तो कोट घातला होता. ते आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं. कडी वाजलेली दादानंही ऐकली. वहिनी विचारत होती, मुलांचं काही चुकलं का?

माझं डोकं फिरलं. भाकरतुकडा हातात तसाच, आणि मी सरांवर तुटून पडले. "सर, हे तुमच्यामुळं! अकरा वर्षांनी माणूस उंबऱ्यापर्यंत आला होता. तुमच्या एका ओळीनं घालवलंत सगळं!"

सरांना राग आला नाही, लाज वाटली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, काखेतली वही उघडली. "चूक काय झाली ते सांगा बाई. मी लिहून घेतो."

मी तोंड उघडलं. आणि काय सांगणार? मावशींचे केस पांढरे नव्हते? त्या वयानं मोठ्या नव्हत्या? जे माझ्या मनात होतं ते मोठ्यानं बोलायला गेले असते, तर फाटकाशी उभ्या असलेल्या त्या बाईसमोर बोलावं लागलं असतं. सर पेन धरून वाट बघत होते. खरंच वाट बघत होते हो, टोमणा नव्हता त्यात. मी पाच वर्षं त्या बाईच्या हातची घासलेली भांडी वापरली होती, शाळेत समतेचे धडे शिकवले होते. मान खाली घातली मी. सरांनी वही मिटली.

तीन दिवस अण्णा खोलीत जेवले. मी ताट नेऊन ठेवायची, रिकामं आणायची. पोरं दबकून वावरायची. दादा संध्याकाळी ओट्यावर बसून नुसता रस्त्याकडे बघायचा, परतीची तिकिटं आधीची मिळतील का विचारायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी देवलीमावशी कामाला आल्या त्या काखेत कोंबडा घेऊन. चांगला तुर्रेबाज, जिवंत. "पोरं पाया पडल्यात माझ्या," म्हणाल्या. "हात रिकामा कसा ठेवू मी? नव्या माणसाला घरातून काय तरी द्यावं लागतं." मी नको म्हणायला गेले तर सर मध्ये पडले. ते रोज यायचेच. नीलला हळूच म्हणाले, "कसं घ्यायचं?" नीलनं उजवा हात पुढं केला. आता कोंबडा काय एका हातात राहतो? सुटला! खुर्चीखालून, वहिनीच्या पायांतून, थेट अण्णांच्या खोलीत. ताट न्यायला मी दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. मागोमाग नील, त्याच्या मागं माया. आत धडाधड आवाज. मी दाराशी पोचले तर कोंबडा अण्णांच्या ट्रंकेवर, नील त्याची शेपटी ओढतोय, आणि माझे सोवळे, शिस्तीचे अण्णा पलंगावर उभे!

"शेपटी सोड रे गाढवा! पंखाखालून धर! दोन्ही हातांनी!"

आपल्या नातवाशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. नीलला काही कळलं नाही. मग अण्णा खाली उतरले, त्याच्या मागं उभे राहिले, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि कोंबडा धरून दाखवला. लहानपणी कोकणात शेजारच्यांच्या कोंबड्या पकडून दिल्या होत्या त्यांनी, आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. माया भीतीनं रडायला लागली आणि रडता रडता ओरडली, "बाबा! नको, नको!"

दाराशी सर उभे होते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मराठीत रडते." त्यांचेच डोळे भरले होते.

त्यानंतर अण्णा बाहेर यायला लागले. कोंबड्याला दाणे टाकायला म्हणून. पोरांशी बोलायचे, वहिनीला एकदा "भात घ्या अजून" म्हणाले. दादाशी मात्र नाही. दादा समोर आला की नजर दुसरीकडे. आणि पोरं पाया पडायला वाकली की पाय मागं घ्यायचे, "असू दे, असू दे" म्हणत. पोरांना वाटलं, आजोबांना आवडत नाही.

निघायचा दिवस उजाडला. फाटकाशी जीप, सामान चढलेलं. देवलीमावशी काम टाकून ओट्याच्या कडेला उभ्या. सर टपावरची दोरी तपासत होते. दादा अण्णांसमोर येऊन उभा राहिला, हात जोडलेले. शेवटी मुलांना म्हणाला, आजोबांना नमस्कार करा. नील आणि माया पुढं आली. आज पाय मागं घेतले की संपलं, हे मला माहीत होतं. दादालाही.

अण्णांनी दोघांना खांद्याला धरून थांबवलं. "आधी त्यांना करा," म्हणाले आणि मावशींकडे बोट केलं. पोरांशी बोलत होते, पण नजर दादावर होती. "त्यांनी दार उघडलं तुम्हाला. मी नव्हतं उघडलं."

दादानं जे रडायला सुरुवात केली! चाळिशीचा बाप्या, पोरांसमोर. पोरं मावशींच्या पाया पडली आणि धावत येऊन अण्णांच्या पायांवर वाकली. मग दादा वाकला. वहिनीही वाकली. अण्णांनी पाय जागचे हलवले नाहीत. दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मला आजही कुणी विचारलं की सिल्वासात काय मिळवलंस, तर मी ते फाटक सांगते. माझ्या बापाचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, आणि त्या सात कागदांच्या माणसाचा तर अजून वाटतो.

जीप सुरू झाली तेव्हा अण्णा घसा खाकरून सरांकडे वळले. ज्यांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं, त्यांनाच.

"सर, पुढच्या खेपेला ह्यांनी यायचं तर कुठला महिना बरा?"

उभ्या हिंदुस्थानाला सल्ला देणारा माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तुम्ही म्हणाल तो, अण्णा."